आईचा अंगठा

फोन घरातच होता, फक्त सापडत नव्हता. आईचं अंग पुसून झालं, दुपारची भाजी निवडून झाली, आणि मग श्यांग पेइलानला आठवलं की गायनमंडळाच्या बायकांना तालमीची वेळ कळवायची राहिलीच. तिनं आईचा जुना फोन उचलला आणि स्वतःचाच नंबर लावला. सोफ्याच्या गाद्यांमध्ये कुठंतरी तिचा फोन वाजू लागला, नेहमीच्या त्याच धुनेत. पण आईच्या फोनमधून तिच्या कानात जे येत होतं ती घंटी नव्हती. एक बाई बोलत होती. लिफ्टमध्ये मजला सांगणाऱ्या बाईसारख्या स्वच्छ, कशाचंच काही न वाटणाऱ्या आवाजात ती म्हणत होती, 'आपण ज्या व्यक्तीला फोन करीत आहात तिला न्यायालयाने निकाल न पाळणारी, विश्वासास अपात्र व्यक्ती म्हणून जाहीर केले आहे. तिने आपली देणी तातडीने चुकती करावीत असे आपणही तिला सांगावे.' सोफ्यातली धून वाजतच होती. आवाजानं तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पेइलान फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. आपल्याच घराच्या दाराशी यावं आणि आतून कुणीतरी परक्यानं 'इथं असं कुणी राहत नाही' म्हणावं, तसं तिला झालं.

"उचलत नाही का कुणी?" आईनं खाटेवरून विचारलं.

"नाही गं."

"मग ठेव की. पैसे जातात."

तिनं फोन ठेवला आणि पहिल्यांदा मनात आलं ते असं, की कुणाकुणाला ऐकू गेलं असेल? तिला स्वतःला हे कधीच ऐकू आलं नसतं. लोक ऐकत होते, मग ती 'हॅलो' म्हणत होती, आणि लोक तिच्याशी भाताच्या, हवेच्या, तालमीच्या गोष्टी बोलत होते. मासळीवाल्यानं परवा फोन केला होता. पिवळा मासा आलाय म्हणाला, आणि आज रोखच द्या हं बाई, असं हसत हसत जोडलं होतं. मुलगा दर रविवारी फोन करायचा. या रविवारी तो उगाचच हळू बोलला, जेवलीस का हे दोनदा विचारलं, आणि काही सांगायचं राहिल्यासारखा थांबून फोन ठेवून दिला. ऐकलं होतं त्यानं. ऐकून काही बोलला नव्हता. पेइलान खुर्चीत बसली. 

खटला चालू होता हे तिला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण शेजारच्या इमारतीत कुणी आजारी असावं तसं. कोर्टाचा निरोप मोबाइलवर आला की ती तो मोठ्या भावाला, देमाओला, पाठवून द्यायची, आणि तिकडून उत्तर यायचं, 'वकील बघतोय. तू गाणं शिकव.' सगळी सुरुवातच तशी होती. देमाओची बटणांची फॅक्टरी चांगली चालली होती तेव्हा त्यानं सगळ्यांना ओउ नदीकाठच्या मोठ्या हॉटेलात जेवायला नेलं. बदकाच्या जिभा, खेकडे, मासळीचे गोळे, आईसाठी मऊ शिजवलेला चिकट भात. जेवण संपता संपता तिच्यापुढे कागद आणि पेन आलं. "तीन संचालक असले की बँकेला बरं दिसतं," तो म्हणाला. "मी, तुझी वहिनी, आणि तू. तुला काही करायचं नाही. नुसतं नाव. शाळेतली बाई संचालक आहे म्हटल्यावर कंपनीला अब्रू येते." सगळे हसले, तीही हसली. अब्रू हा शब्द ऐकून तिला बरंसुद्धा वाटलं होतं. नवरा जाऊन फार दिवस झाले नव्हते. कुठल्यातरी कागदावर आपलं नाव दुसऱ्यांच्या नावांशेजारी असावं, एवढीच तिची भूक होती. त्यानंतर नव्या वर्षाला फळांची टोपली यायची आणि टोपलीबरोबर सहीचे कागद. संचालक मंडळाची सभा म्हणे झाली, ठराव म्हणे पास झाला. ती कुठल्याच सभेला बसली नव्हती. शेवटचा ठराव होता कंपनी बंद करायचा. त्याच्यावरही तिची सही होती, गोल, वळणदार. मुलांना सुरांची नावं फळ्यावर लिहून दाखवताना असायची तशी.

कोर्टातून एका मुलीचा फोन आला होता तेव्हा ती म्हणाली होती, "मी नावापुरती संचालक आहे हो." मुलीनं कंटाळून सांगितलं होतं, "बाई, कायद्यात नावापुरता असा प्रकार नाही. कंपनी बंद करायचं ठरलं की मालमत्ता मोजून, विकून घेणेकऱ्यांची देणी मिटवायला समिती नेमणं हे संचालकांचं काम. तुम्ही नेमली नाहीत. मधल्या मधे यंत्रं आणि माल गायब झाला. त्या नुकसानीला आता तुम्ही जबाबदार. स्वतःच्या खिशातून." मग तिनं विचारलं होतं, "यंत्रं कुठं गेली, माहीत आहे?" आणि पेइलानच्या तोंडून, विचार करायच्या आधीच, "नाही" निघून गेलं होतं. ते 'नाही' तिच्या घशात अजून तसंच होतं, माशाच्या काट्यासारखं. कारण ती त्या दिवशी तिथं होती. आईनं केलेला केक द्यायला म्हणून गेली होती. फॅक्टरीच्या अंगणात ट्रक उभे होते आणि बटणं कापायची, भोकं पाडायची यंत्रं एकेक करून वर चढत होती. वितळलेल्या प्लास्टिकचा तो गोडसर, डोकं धरणारा वास हवेत होता. वहिनी म्हणाली, "अगं बरी आलीस, ड्रायव्हरांना चहा दे." तिनं चहा दिला. एका ड्रायव्हरनं पिंगयांगचा रस्ता विचारला होता, जुन्या भातगिरणीकडे जायचा. तिनं काही विचारलं नाही. विचारायचं नाही हेच तर तिचं काम होतं. त्यानंतर महिन्याभरात देमाओ आणि वहिनी इटलीला मुलाकडे 'फिरायला' गेले, आणि अजून फिरतच होते.

तालमीला ती गेली नाही. पण घरातही बसवेना. छातीत कुणीतरी सारखं दार वाजवत होतं. रुग्णालयाच्या चौकात मोठा पडदा आहे, त्याच्यावर दुधाच्या पावडरीच्या जाहिराती लागतात आणि मधेमधे कोर्टानं जाहीर केलेल्यांचे चेहरे. इतकी वर्षं ती त्याच्याखालून भाजीच्या पिशव्या घेऊन गेली होती आणि एकदाही मान वर केली नव्हती. आज ती बसथांब्याच्या आडोशाला उभी राहून चेहरे बघू लागली. एक गुबगुबीत माणूस. एक तरुण बाई, ओळखपत्रातल्या फोटोत दचकल्यासारखी. एक म्हातारा. प्रत्येक चेहरा जायचा आणि दुसरा यायच्या आधी पडदा क्षणभर निळा व्हायचा. त्या निळ्यात पेइलान स्वतःचा चेहरा शोधायची. आपला कोणता फोटो असेल? शाळेतला, केस आखूड होते तो? आपले विद्यार्थी या शहरात किती असतील? शेजारी एक म्हातारबुवा पक्ष्याचा पिंजरा घेऊन उभे होते. ते मोठ्या मजेत बघत होते.

"हा बघा, फरशीवाला," ते तिला म्हणाले. "माझ्या भाच्याचा शेजारी. लग्नात कसला थाट केला होता! आता बघा, भिंतीवर टांगलाय."

"हो का," ती म्हणाली.

"बायाही असतात हल्ली. बायांना काय कमी समजू नका."

तिनं मान डोलावली. चेहरे संपले, बाळ दूध प्यायलं, आणि पुन्हा तोच गुबगुबीत माणूस आला. म्हणजे एक फेरी झाली होती आणि ती त्यात नव्हती. सुटल्यासारखं वाटलं ते चौक ओलांडेपर्यंतच. आज नाही म्हणजे उद्या, उद्या नाही तर आई डॉक्टरांकडे जायला म्हणून हात धरून चालत असेल तेव्हा. आईची नजर कमी झाली होती, पण इतक्या मोठ्या पडद्यावरची स्वतःची मुलगी तिला दिसली असती.

देमाओ संध्याकाळी पडद्यावर आला, म्हणजे फोनच्या. मागं कुठंतरी शिवणयंत्रं धडधडत होती. दाढी वाढली होती, तरी आवाज तोच, जेवायला घालणाऱ्या माणसाचा.

"लान, रडायचं नाही. वकिलानं वाट काढलीय. खटला पुन्हा उघडता येतो, नवा पुरावा मिळाला तर."

"कसला पुरावा?"

"तू कंपनी बंद व्हायच्या आधीच राजीनामा दिला होतास."

"मी कुठं दिला?"

"दिलास म्हणतोय ना मी! नीट ऐक. नुसता राजीनामा चालत नाही. जागा रिकामी राहिली तर कायदा जुन्याच माणसाला तिथं बसलेलं धरतो. तुझ्या जागी कुणीतरी आलं पाहिजे. तर आई आली."

पेइलानला आधी कळलंच नाही. "कोण आई?"

"आपली आई, आणखी कोण! तिचं काय घेणार कोर्ट? घर तिच्या नावावर नाही, पेन्शन म्हणशील तर कोंबडीच्या दाण्याएवढी. यादीत नाव लागलं की विमान बंद, मोठं हॉटेल बंद; तिला काय विमानात बसायचंय, की हॉटेलात उतरायचंय? कागद पाठवतो, त्यावर जुनी तारीख आहे. तिचा अंगठा घे फक्त. सही मागू नकोस, तिचा हात थरथरतो."

"दादा, पण तिचं नाव सगळीकडे लागेल."

"पंच्याऐंशीची बाई आहे, लान," तो म्हणाला. "किती दिवस लागणार आहे?"

त्याला काय म्हणायचं होतं ते बोलून झाल्यावर दोघांनाही ऐकू आलं. शिवणयंत्रं धडधडत राहिली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "तुझ्याचसाठी करतोय मी," आणि पडदा काळा झाला.

त्या रात्री ती झोपली नाही, असं म्हणण्यात अर्थ नाही. झोपली, पण झोपेतही बसूनच होती. कोर्टाची माणसं येतील, घराला कागद चिकटवतील, पेन्शन गोठवतील, मुलाच्या कचेरीत कुणीतरी ऐकवेल. आईला घेऊन भाड्याच्या कुठल्या खोलीत जायचं? आणि हे सगळं एका अंगठ्यानं टळणार होतं. भीतीचा हिशेब फार सोपा असतो. सकाळ होईपर्यंत तिला ते जवळजवळ आईच्याच भल्याचं वाटू लागलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात तिनं कागद छापून घेतला, लाल शाईची डबी घेतली. दुकानातल्या मुलीनं "आणखी काही हवंय बाई?" असं साधंच विचारलं, तरी ती दचकली.

आई जेवल्यावर डुलकी काढायची. दोन उशांना टेकून, तोंड थोडं उघडं, हात पांघरुणावर. पेइलाननं तो उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. आईच्या अंगठ्यावर रेषा उरल्याच नव्हत्या. तरुणपणी आई खांद्यावर पोती घेऊन च्याओथोउ गावच्या पुलावर बटणं विकायला बसायची. शिंपल्याची, लाकडाची, हाडाची बटणं अंगठ्यानं सरकवत मोजायची, एकेक, दिवसभर. तेव्हा अशा खासगी विक्रीला बंदी होती; पोलीस आले की पोतं पाठीवर टाकून पळायची, एका हातात पोतं, एका हातात पेइलान. पळताना आईचा हात ओला असायचा, हे पेइलानला आत्ता आठवलं. आणि आपल्याला तेव्हा भीती मुळीच वाटायची नाही, कारण भ्यायचं ते आई भीत होती. तिनं अंगठा शाईत दाबला. थंड शाई लागताच आईनं डोळे उघडले.

"काय गं?"

"पेन्शनचं काम आहे. अंगठा हवाय."

आई आपल्या लाल अंगठ्याकडे बघत राहिली. "अंगठा दिला की सौदा पक्का. आम्ही पुलावर तोंडानंच बोलायचो, पण मोठ्या गिऱ्हाइकाला अंगठा. एकदा दिला की मागं घेता येत नाही." मग समजूतदारपणे म्हणाली, "दे, कुठं लावू?"

पेइलाननं कागद पुढं केला.  आणि तेव्हाच दाराची घंटी वाजली.

ती हलली नाही. ते आले, हेच तिच्या मनात. घंटी पुन्हा वाजली. "अगं उघड की," आई म्हणाली, आणि पेइलान उठत नाही हे बघून स्वतःच उठली. पांघरुणाला शाई लागू नये म्हणून अंगठा वर धरून, भिंतीला दुसरा हात लावत ती दारापर्यंत गेली. दारात लोउ जिंगथांग उभा होता. देमाओला बटणांचा कच्चा माल हाच पुरवायचा; कोर्टात गेलेल्या घेणेकऱ्यांत पहिलं नाव याचंच. त्याच्या हातात संत्र्यांची पिशवी होती. लहानपणी तो त्याच पुलावर आपल्या आईशेजारी बसायचा.

"मावशी! आणि हे काय, अंगठा कुणाला दाखवताय?"

"तुलाच," आई खुदकन हसली. "ये, बस. लानला बघ काय झालंय, पांढरीफटक पडलीय. पेन्शनचं काम आहे म्हणते. बरा आलास, जरा वाचून दे. माझ्या चष्म्यातून हल्ली काही दिसत नाही." आणि पेइलान पुढे व्हायच्या आत तिनं खाटेवरचा कागद उचलून लोउच्या हातात दिला.

लोउनं वाचायला सुरुवात केली. पेइलान त्याच्या डोळ्यांकडे बघत होती. ते एका ओळीवरून दुसरीवर जात होते, मग थांबले, मग पुन्हा वर गेले, तारखेवर. घरात भिंतीवरचं घड्याळ आणि शेजारच्या स्वयंपाकघरातला तवा, एवढेच आवाज. आता हा ओरडेल. आता हा आईला सांगेल, तुमच्या मुलीनं तुम्हाला काय करायचं ठरवलं होतं ते. तिला कोर्टाची भीती वाटत नव्हती त्या क्षणी, पडद्याचीही नाही. फक्त आईनं आपल्याकडे वळून बघू नये, एवढंच तिला हवं होतं. लोउनं कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली.

"मावशी, हात धुऊन या," तो म्हणाला. "पेन्शनला हे लागत नाही."

"नाही लागत?"

"कुणीतरी बाईंना चुकीचं सांगितलं."

आई पुटपुटत मोरीकडे गेली. पाण्याचा आवाज आला. लोउनं कागद पेइलानच्या हातात दिला आणि जिन्यात या, अशी मान हलवली. जिन्यातला दिवा आपोआप लागला, आपोआप विझला. तो कठड्याला टेकून उभा राहिला. जवळून तो फार थकलेला दिसत होता, शर्टाची कॉलर विरलेली.

"मी भांडायला नव्हतो आलो, बाई. माझ्या मुलाला तुम्ही गाणं शिकवलंत. तुमच्या भावाकडे माझे पैसे अडकले तेव्हापासून माझ्या कामगारांना मी तोंड दाखवत नाही. घर विकलं. बायको माहेरी आहे. माझ्याही नावावर कंपनी आहे आणि मलाही घेणेकरी फोन करतात. रोज सकाळी वाटतं, आज माझाही चेहरा लागेल." त्यानं घसा साफ केला. "एकच विचारायला आलो. यंत्रं कुठं गेली?"

'नाही' पुन्हा वर आलं होतं, अगदी जिभेवर. दादा. दादानं बाबा गेल्यावर तिची फी भरली होती. दादानं तिच्या नवऱ्याच्या तिरडीला खांदा दिला होता. आणि दादानं विचारलं होतं, किती दिवस लागणार आहे. आत मोरीत आई अजून हात चोळत होती; शाई लवकर जात नाही.

"पिंगयांगला," पेइलान म्हणाली. "जुनी भातगिरणी आहे. वहिनीच्या चुलतभावाची. मी ट्रक भरताना तिथं होते. ड्रायव्हरांना चहा दिला मी."

लोउ कठड्यापासून सरळ झाला. "हे कोर्टात सांगाल?"

"सांगितलं तर मी सुटेन?"

"खोटं कशाला सांगू? नाही सुटणार. ओझं जरा हलकं होईल. तुमचं, माझं."

"आणि हा कागद?"

"कसला कागद?" तो पायऱ्या उतरू लागला. "मी चष्माच आणला नव्हता."

तिनं कोर्टात सांगितलं. सांगताना तिची दातखीळ बसत होती आणि तिथल्या मुलीनं दोनदा पाणी आणून दिलं. देमाओचे फोन येत राहिले, मग शिव्यांचे निरोप, मग एक निरोप, 'आजपासून आईला मुलगा नाही असं समज.' तो तिनं आईला दाखवला नाही. पुढे यथावकाश यंत्रं लिलावात गेली, लोउला आणि इतरांना काही मिळालं; सगळं फिटलं नाही, पेन्शनमधून दरमहा कापून जायचं ते जातच राहिलं. पण हे सगळं नंतरचं. पिंगयांगला गेली त्या सकाळी तिला यातलं काही माहीत नव्हतं. कोर्टाच्या गाडीत दोन अधिकाऱ्यांच्या मधे ती बसली होती आणि प्रत्येक वळणावर तिला वाटत होतं, गिरणी रिकामी असणार, आणि मग खोटं बोलल्याबद्दल आणखी काहीतरी लागणार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी भरलेली खाचरं होती. 

गिरणीच्या दाराला नवं कोरं कुलूप होतं. वहिनीचा चुलतभाऊ बनियनवर बाहेर आला आणि आला तो ओरडतच. "माझी खासगी जागा आहे! आत भाताचा कोंडा आहे, कोंडा! कुणी पाठवलं तुम्हाला?" मग त्याची नजर तिच्यावर गेली. "आणि ही कोण लागून गेलीय? हिचा काय संबंध?"

तरुण अधिकाऱ्यानं फाइल उघडली आणि तिच्याकडे बघितलं. तिच्याबद्दल तोही सांगू शकला असता, पण तो थांबला. आजूबाजूला चार माणसं जमली होती. पेइलानला पळून जावं असं वाटत होतं, पोतं टाकून, काही न घेता. ती एक पाऊल पुढं आली. दाराच्या फटीतून वितळलेल्या प्लास्टिकचा वास येत होता.

"मी या कंपनीची संचालक आहे," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला, म्हणून तिनं पुन्हा एकदा म्हटलं. मग म्हणाली, "कुलूप काढा."